‘हॅलो’ला अर्थ आहे का?



सोलापूरच्या चाटी गल्लीत तुम्ही कधी गेला आहात का? कापडाचा हा जुना बाजार. मागे एकदा घरच्या लग्नाच्या खरेदीसाठी तेथल्या एका दुकानात बसण्याचा योग आला. साड्यांतले मला काही कळत नाही. म्हणून मी आपला मालकांच्या गल्ल्याशेजारी एका खुर्चीवर बसून राहिलो. शेजारीच टेलिफोन होता. दुसऱ्याचे बोलणे ऐकू नये हे खरे, पण गल्ला आणि माझी खुर्ची यांत हातभर अंतर. कान झाकून तरी किती वेळ बसणार?

तासाभरात बऱ्याच वेळा घंटा वाजली. दर वेळी मालकांचा पहिला शब्द एकच : ‘हॅलो’. दुसरा शब्द मात्र बदलत होता. पलीकडे बार्शीचा गिऱ्हाईक असेल तर ‘बोला’. विजापूरकडचा व्यापारी असेल तर ‘हेळ्री’. सोलापूरच्याच पूर्व भागातले, चादरी विणणारे तेलुगू भाषक कारखानदार असतील तर ‘चेप्पंडी’. आणि एकदा, ‘बोलो भाई’. गंमत अशी की मराठीतले ‘बोला’, कानडीतले ‘हेळ्री’, तेलुगूतले ‘चेप्पंडी’ आणि उर्दू-दखनीतले ‘बोलो’ या चारही शब्दांचा अर्थ एकच. पण तो अर्थ त्या त्या माणसाला त्याच्या भाषेत मिळत होता. आणि कोणाला कोणती भाषा द्यायची हे मालकांना पहिल्या शब्दानंतर कळत होते, आधी नव्हे.

तो पहिला शब्द म्हणजे ‘हॅलो’. त्याचा अर्थ काय, असे मी मालकांना विचारले. त्यांनी गजावरून कापड मोजता मोजता उत्तर दिले, “हॅलोला कसला अर्थ? हॅलो म्हणजे हॅलो.”

हाच प्रश्न आपल्या राज्यात अगदी सरकारी पातळीवरही निघाला होता. १ ऑक्टोबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने एक निर्णय काढला. सरकारी आणि अनुदानित संस्थांतील अधिकाऱ्यांनी व कर्मचाऱ्यांनी दूरध्वनीवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे, असे आवाहन त्यात होते. दुसऱ्या दिवशी, गांधीजयंतीला, वर्धा येथे या मोहिमेची सुरुवात झाली. ‘हॅलो’ हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, त्याला विशिष्ट अर्थ नाही आणि त्यातून आपुलकी निर्माण होत नाही, असे कारण देण्यात आले होते. त्यावर वाद झाला. कोणी पाठिंबा दिला, कोणी विरोध केला, कोणी आपापले वेगळे अभिवादन सुचवले. तो वाद तुम्ही वर्गात किंवा घरी घालालच. आपण येथे त्यातला एकच मुद्दा उचलू, कारण तो विज्ञानाच्या कक्षेत येतो. ‘हॅलो’ला अर्थ नाही, हे खरे आहे का? आणि खरे असेल तर तो त्या शब्दाचा दोष आहे की गुण?

यासाठी थोडे मागे जावे लागेल. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट ७ मार्च १८७६ रोजी मिळाले आणि तीनच दिवसांनी, १० मार्चला, त्यांनी यंत्रातून बोललेले वाक्य शेजारच्या खोलीतील त्यांच्या साहाय्यकाला, थॉमस वॉटसनला, स्पष्ट ऐकू गेले. ते वाक्य साधेच होते. वॉटसनला त्यांनी आपल्याकडे बोलावून घेतले होते. त्यात ‘हॅलो’ नव्हता.

येथे एका भाकडकथेचा निकाल लावून टाकू. बेल यांच्या मैत्रिणीचे नाव मार्गारेट हॅलो होते आणि त्यांनी पहिला फोन तिला केला, म्हणून आपण ‘हॅलो’ म्हणतो, असे तुम्ही कोठेतरी वाचले असेल. कदाचित तुमच्या शाळेच्या फळ्यावर ‘आजची माहिती’ म्हणूनही ते लिहिले गेले असेल. हे पूर्णपणे खोटे आहे. बेल यांचे लग्न ११ जुलै १८७७ रोजी मेबल हबर्ड यांच्याशी झाले. मेबल लहानपणीच्या आजारामुळे बहिऱ्या होत्या. ज्याने टेलिफोन घडवला त्याच्या पत्नीला टेलिफोनवरून ऐकू येणे शक्य नव्हते, ही खरी गोष्ट त्या बनावट गोष्टीपेक्षा कितीतरी विलक्षण आहे. पण ती फारशी कोणी सांगत नाही.

शिवाय ‘हॅलो’ बेल यांना आवडतही नव्हता. टेलिफोनवर ‘अहॉय’ म्हणावे असे त्यांचे मत होते. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला हाक मारण्याचा खलाशांचा हा शब्द. बेल तो अखेरपर्यंत वापरत राहिले. आपल्या ‘अहो’शी तो फार जुळतो, नाही का? पण दोघांचे काही नाते नाही. ‘अहो’कडे आपण थोड्या वेळाने येऊच.

‘हॅलो’चा पुरस्कार केला तो टॉमस अल्वा एडिसन यांनी. हा शब्द त्यांनी घडवला नाही. ‘हॅलो’, ‘हॅलू’, ‘हुलोआ’ अशा रूपांत तो इंग्रजीत आधीपासून होता. लांबच्या माणसाचे लक्ष वेधण्यासाठी किंवा आश्चर्य दाखवण्यासाठी तो उच्चारला जाई. मात्र दोन माणसे समोरासमोर भेटल्यावर नमस्कारासारखा त्याचा सर्रास वापर होत नसे. १५ ऑगस्ट १८७७ रोजी एडिसन यांनी पिट्सबर्गमधील एका तार कंपनीच्या प्रमुखाला छोटेसे पत्र लिहिले. त्या वेळी प्रश्न असा होता की पलीकडच्या माणसाला बोलवायचे कसे? तेव्हाचे टेलिफोन दोन ठिकाणांना तारेने कायमचे जोडलेले असत आणि ती जोडणी सतत चालूच असे. घंटा नव्हती. वेगळी घंटा बसवावी काय, असा विचार चालू होता. एडिसन यांनी कळवले की घंटेची गरज पडणार नाही, कारण ‘हॅलो’ ही हाक १० ते २० फुटांवरून ऐकू येते.

म्हणजे ‘हॅलो’चा टेलिफोनमधला पहिला हुद्दा घंटेचा होता!

ती नोकरी मात्र फार दिवस टिकली नाही. बेल यांच्या वॉटसनने लवकरच वीज वापरून वाजणारी घंटा तयार केली. जुन्या चित्रपटांत पेटीचा दांडा गरगर फिरवून टेलिफोन लावताना तुम्ही पाहिले असेल. तो दांडा म्हणजे छोटे विद्युतजनित्र असे आणि त्यातून निघालेल्या प्रवाहाने दूरची घंटा वाजत असे. २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेत न्यू हेवन येथे २१ ग्राहकांचे पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ला, हिंदुस्थानात टेलिफोन एक्स्चेंजची अधिकृत सुरुवात झाली. कलकत्त्याच्या एक्स्चेंजला आरंभी ९३ ग्राहक होते. मुंबई व मद्रास येथेही त्याच वर्षी एक्स्चेंज सुरू झाली. टेलिफोन आला तो आपल्याबरोबर घंटा आणि ‘हॅलो’ दोन्ही घेऊन आला.

आता विचार करा. हाक मारण्याचे काम घंटेने घेतले, तर ‘हॅलो’ बेकार व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्याने नुसती जागा बदलली. हाक मारणाऱ्याच्या तोंडून निघून तो हाकेला ओ देणाऱ्याच्या तोंडी गेला. असे का झाले, याचा उलगडा होण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

इमॅन्युएल शेग्लॉफ नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी पोलिसांच्या केंद्रावर आलेल्या व तेथून गेलेल्या सुमारे ५०० टेलिफोन संभाषणांच्या सुरुवाती तपासल्या आणि १९६८ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रथम त्यांना एक सोपा नियम सापडला : टेलिफोन उचलणारा आधी बोलतो. आपल्याला वाटेल, यात काय मोठे? पण जरा पाहा. काम ज्याचे, त्याने आधी बोलावे, हे अधिक स्वाभाविक नाही का? दुकानात गेलो तर आपणच आधी बोलतो. टेलिफोनवर मात्र ज्याला काम काय आहे हे ठाऊकच नाही तो आधी बोलतो!

हा नियम त्या ५०० संभाषणांना लागू पडला. एक सोडून. त्या एका प्रसंगी पोलिसांनी फोन लावला होता. पलीकडे रिसीव्हर उचलला गेला, पण कोणी बोलले नाही. एक सेकंद शांततेत गेला. मग फोन लावणारा पोलीसच म्हणाला, ‘हॅलो’.

पाचशेत एक अपवाद. दुसरा कोणी असता तर तो बाजूला ठेवून मोकळा झाला असता. शेग्लॉफ यांनी तसे केले नाही. ज्याने अपवादही सुटेल असा नियम हवा, म्हणून त्यांनी सगळी मांडणी पुन्हा केली. (शास्त्रज्ञाची पारख येथे होते. गणितात एक उदाहरण सुटले नाही तर आपण उदाहरणच चुकीचे छापले आहे म्हणतो.) नवा नियम असा : संभाषणाची सुरुवात माणसाच्या शब्दाने होतच नाही. ती घंटेने होते. घंटा ही हाक आहे आणि उचलणाऱ्याचा ‘हॅलो’ हे त्या हाकेचे उत्तर. उत्तर आले नाही तर हाक मारणारा काय करतो? आपली आई काय करते? पुन्हा हाक मारते. त्या पोलिसाने तेच केले. त्याचा ‘हॅलो’ म्हणजे दुसऱ्यांदा वाजवलेली घंटा होती. एडिसन यांच्या मनातला मूळचा ‘हॅलो’! अपवाद नियमात चपखल बसला.

आता ‘हॅलो’ काय सांगतो ते लक्षात येईल. तारेच्या जुन्या टेलिफोनमध्ये रिसीव्हर उचलला की विद्युतमंडल पूर्ण होते, त्यातून प्रवाह वाहू लागतो आणि एक्स्चेंजला ते समजते. पण फोन लावणाऱ्या माणसाला एवढेच कळते की घंटा थांबली. उचलला कोणी? माणसाने की टेबलावर चढलेल्या मांजराने? माणसाने उचलला असेल तर त्याने तो कानाला लावला आहे का? त्याला माझे ऐकू येईल का? या सगळ्या शंकांचे एकाच शब्दात उत्तर म्हणजे ‘हॅलो’ : मी आहे, कान लावला आहे, वाट मोकळी आहे. शब्दाला कोशातला अर्थ नसला तरी काम आहे. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी १९६० साली भाषेची निरनिराळी कामे सांगताना हे एक स्वतंत्र काम म्हणून मांडले. काही शब्द माहिती देण्यासाठी नसतात. दोन माणसांमधली वाट चालू आहे ना, एवढेच तपासण्यासाठी असतात. ट्रंक कॉलचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तीन मिनिटांच्या बोलण्यात पंधरा वेळा ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ होई, आणि मुख्य निरोप शेवटच्या दहा सेकंदांत ओरडून सांगितला जाई.

जगातल्या इतर भाषांनी हेच काम कसे निभावले ते पाहण्यासारखे आहे. इटलीत फोन उचलल्यावर ‘प्रोंतो’ म्हणतात, म्हणजे ‘तयार’. पोर्तुगालमध्ये ‘श्तो’, म्हणजे ‘आहे मी’. रशियात पुष्कळ जण ‘स्लूशायु’ म्हणतात, म्हणजे ‘ऐकतो आहे’. स्पेनमध्ये ‘दीगामे’, म्हणजे ‘सांगा मला’; आमच्या चाटी गल्लीतल्या ‘चेप्पंडी’चे हे सख्खे भावंड म्हणायला हरकत नाही. मेक्सिकोची भाषाही स्पॅनिशच, पण तेथे ‘ब्वेनो’ म्हणतात, म्हणजे ‘चांगले’. सुरुवातीच्या काळात तारा वाईट असत आणि ‘आवाज चांगला येतो’ एवढे सांगण्यासाठी हा शब्द आला, असे त्याचे कारण देतात. कोरियन ‘योबोसेयो’ म्हणजे मूळचे ‘इकडे पाहा’! कानाच्या यंत्रावर ‘पाहा’ म्हणणे विचित्र वाटेल; पण आपणही ‘हे बघ, माझं ऐक’ असे म्हणतोच की.

जपानमध्ये तोक्यो आणि योकोहामा या शहरांत १८९० साली टेलिफोन सुरू झाला. तेव्हा ‘ओई, ओई’ अशी हाक घालीत, असे सांगतात. ती फारच उद्धट वाटू लागली. तिच्या जागी ‘मोशी मोशी’ रूढ झाले. बोलणे या अर्थाच्या एका नम्र क्रियापदापासून ते आले आहे. ‘बोलतो जी, बोलतो जी’ असा काहीसा त्याचा भाव. भुताला ‘मोशी’ दोनदा म्हणता येत नाही, म्हणून माणसाने दोनदा म्हणावे, अशी तिकडे एक लोकसमजूतही आहे.

जर्मनीत, हॉलंडमध्ये, स्वीडनमध्ये आणखी निराळी रीत. तेथे फोन उचलणारा स्वतःचे नाव सांगतो. आपल्याकडे कोणी फोन उचलून नुसते ‘कुलकर्णी’ म्हटले तर पलीकडचा विचारील, ‘हो, पण कोणते?’ फ्रान्समधील रीतीविषयी दानिएल गोदार या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ साली लिहिले आहे. तेथे फोन करणारा आधी क्रमांक बरोबर आहे ना ते विचारतो आणि त्रास दिल्याबद्दल क्षमा मागतो, कारण घंटा वाजवणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात न विचारता डोकावणे, असे मानले जाते. अमेरिकन माणसाला ही क्षमा अनावश्यक वाटते, आणि फ्रेंचांना तो अमेरिकन माणूस आगाऊ वाटतो. दोघेही आपापल्या घरी सभ्यच असतात.

मग मराठीने ‘हॅलो’ला स्वतःचा शब्द का काढला नाही? टेलिफोनला ‘दूरध्वनी’ मिळाला, टायपिस्टला ‘टंकलेखक’ मिळाला. ‘हॅलो’ मात्र जसाच्या तसा राहिला. मराठी माणसाला हाका मारता येत नाहीत म्हणून? छे! आपल्याकडे हाकांची चंगळ आहे : ‘अहो’, ‘अरे’, ‘अगं’, ‘ओ पाव्हणं’. पण नेमकी येथेच अडचण आहे. ‘अरे’ म्हणायचे तर पलीकडे पुरुष आहे आणि तो लहान किंवा सलगीतला आहे, हे ठाऊक हवे. ‘अगं’ म्हणायचे तर स्त्री आहे हे ठाऊक हवे. ‘अहो’ म्हणायचे तर मान द्यायचा आहे हे ठरलेले हवे. पाठच्या भावाला ‘अहो’ म्हटले तर तो हसेल आणि मुख्याध्यापकांना ‘अरे’ म्हटले तर काय होईल ते तुम्हीच सांगा. घंटा वाजते तेव्हा जुन्या टेलिफोनवर आपल्याला यातले काहीच ठाऊक नसते. आपली प्रत्येक हाक माहिती मागते आणि त्या क्षणी आपल्याजवळ माहिती शून्य असते.

पुढच्या पायरीवर मात्र मराठीने फार हुशारी दाखवली आहे. ‘हॅलो’नंतर आपण काय विचारतो? ‘कोण बोलतंय?’ या क्रियापदाकडे नीट पाहा. ‘बोलतोय’ म्हटले असते तर पुल्लिंग झाले असते, ‘बोलतेय’ म्हटले तर स्त्रीलिंग, ‘बोलताय’ म्हटले तर समोरच्याला ‘तुम्ही’ म्हटल्यासारखे. ‘बोलतंय’ हे ‘बोलतं आहे’ याचे रूप, म्हणजे नपुंसकलिंग! लिंग माहीत नाही, मान किती द्यायचा माहीत नाही, अशा वेळी आपण तिसऱ्या पुरुषाचा आणि तिसऱ्या लिंगाचा आसरा घेतो. दाराची कडी वाजली की ‘कोण आलंय?’ विचारतो, तीच ही युक्ती. व्याकरणाच्या तासाला नपुंसकलिंग कशाला हवे म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

यावर पलीकडून ‘मी बोलतोय’ असे उत्तर येते, हा आपला राष्ट्रीय विनोद आहे. ‘मी कोण?’ ‘अहो, मी!’ तरीही आपण बहुधा ओळखतो, कारण उत्तर शब्दांत नसते, आवाजात असते. आणि तेही जुन्या टेलिफोनवर सहज नाही. तेथे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच वारंवारतेचे ध्वनी पलीकडे जातात. पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे ती वगळलीच जाते. तरी वडिलांचा आवाज आपल्याला घोगराच ऐकू येतो, कारण त्या मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींतले ध्वनी येत असतात आणि त्यांवरून मेंदू गाळलेली जागा भरतो. वरच्या टोकाला ‘स’ची मात्र पंचाईत. त्याची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते, म्हणून ‘स’ आणि ‘फ’ यांत घोटाळा होतो आणि नाव सांगताना ‘स, सशातला स’ अशी कसरत करावी लागते. ‘हॅलो’ या बाबतीत सुदैवी. ‘ह’ हा नुसता श्वास, तो हरवला तरी चालते. पुढचे दोन ठसठशीत स्वर आणि मधला ‘ल’ या पट्ट्यातून व्यवस्थित पार होतात. ४जीवरच्या आजच्या बोलण्यात हा पट्टा साधारण ७००० हर्ट्झपर्यंत रुंदावला आहे, तेव्हा ‘स’लाही दिलासा मिळाला आहे.

एवढ्याशा शब्दातून आपण माणसाविषयी किती ग्रह करून घेतो, याचा शोध ग्लासगो विद्यापीठातील फिल मॅकलीर व सहकाऱ्यांनी २०१४ साली घेतला. ६४ जणांच्या तोंडचा ‘हॅलो’ त्यांनी ३२० श्रोत्यांना ऐकवला. अर्ध्या सेकंदाहूनही लहान अशा त्या उच्चारावरून कोण विश्वासू, कोण करारी, याविषयी श्रोत्यांचे आश्चर्य वाटावे इतके एकमत झाले. लक्षात घ्या, एकमत झाले. ते मत बरोबर होते असे या प्रयोगाने मुळीच दाखवलेले नाही. बँकेतून बोलतो म्हणून आर्जवी आवाजात ‘हॅलो’ करणाऱ्या भामट्यांचा धंदा याच फरकावर चालतो.

आता पुन्हा चाटी गल्लीत येऊ. सोलापुरात अभिवादनांना काही तोटा नाही. ‘राम राम’ आहे, ‘नमस्कार’ आहे, ‘जय भीम’ आहे, ‘अस्सलामु अलैकुम’ आहे, लिंगायत घरांत ‘शरणु शरणार्थी’ आहे, आणि पंढरपूर याच जिल्ह्यात असल्यामुळे वारकऱ्यांचे ‘रामकृष्ण हरी’ तर आहेच. यांतला प्रत्येक शब्द अर्थाने भरलेला आहे, आपुलकीने भरलेला आहे. परंतु प्रत्येक शब्द बोलणाऱ्याविषयी काहीतरी सांगून टाकतो आणि ऐकणाऱ्याविषयी काहीतरी गृहीत धरतो. ओळखीच्या माणसाशी ते गोड वाटते. मात्र घंटा वाजण्याच्या त्या पहिल्या क्षणी पलीकडे कोण आहे, त्याची भाषा कोणती, तो कोणत्या अभिवादनाने सुखावेल, हे आपल्याला ठाऊक नसते. ‘हॅलो’ तेवढ्या एका क्षणापुरता सोलापुरातल्या चारही भाषांचा नाही, म्हणून तो चारही भाषांना चालतो. तो कोणाची बाजू घेत नाही. तो फक्त आवाजाचा एक नमुना पुढे करतो आणि समोरच्याचा नमुना मागतो. तो मिळाला की मालक मोकळे : हेळ्री, चेप्पंडी, बोला.

माझ्या मते ‘हॅलो’ला विशिष्ट अर्थ नाही हे निरीक्षण अगदी बरोबर आहे, पण त्याला दोष म्हणता येणार नाही. किल्लीच्या भोकात जशी पोकळी लागते तशी संभाषणाच्या दारात ही पोकळी लागते. याचा अर्थ तेथे दुसरा शब्द चालणारच नाही असा नाही. सरकारी कचेरीचा क्रमांक आपणच फिरवलेला असतो. उचलणारा कोण आहे हे आपल्याला आधीच माहीत असते. तेथे ‘वंदे मातरम्’ म्हणा, ‘नमस्कार’ म्हणा किंवा खात्याचे नाव सांगा, उत्तर देण्याचे काम होते. (खात्याचे नाव सांगितले तर अर्ज घेऊन ताटकळलेल्या माणसाचे एक मिनिट वाचते, एवढे मात्र मला सुचवावेसे वाटते.) प्रश्न येतो तो अनोळखी घंटेचा.

आणि ही अनोळखी घंटाच आता दुर्मीळ होत चालली आहे. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पहिले मोबाईल संभाषण झाले. त्यानंतर टेलिफोन घराचा न राहता माणसाचा झाला आणि पडद्यावर नाव दिसू लागले. कोण बोलतंय हे विचारण्याचे कारण उरले नाही. तुम्ही स्वतः मित्राचा फोन घेताना ‘हॅलो’ म्हणता का? बहुधा ‘हां, बोल’ म्हणत असाल. आईचा असेल तर ‘आलोच, पाच मिनिटांत’ हेच अभिवादन! चाटी गल्लीतल्या मालकांनाही आता पडद्यावर नाव दिसत असणार आणि त्यांचा ‘हेळ्री’ पहिल्याच शब्दाला येत असणार. ‘हॅलो’ उरला आहे तो अनोळखी क्रमांकांसाठी, आणि आवाज मध्येच तुटला तर वाट तपासण्यासाठी.

हे माझे अनुमान झाले. ते तपासणे तुमच्याकडे. एक वही घ्या. घरातल्या मंडळींना आधी सांगून, त्यांची परवानगी घेऊन, आठवडाभर त्यांनी उचललेल्या फोनचा फक्त पहिला आणि दुसरा शब्द टिपा. नावे, क्रमांक, पुढचे बोलणे काही लिहायचे नाही. तीन रकाने करा : पडद्यावर नाव होते की नुसता क्रमांक, पहिला शब्द, पुढची भाषा. सोलापूर, अक्कलकोट, सीमाभाग किंवा मुंबईसारख्या ठिकाणच्या मुलांना तिसऱ्या रकान्यात मजा येईल. घरी आजीआजोबा असतील तर त्यांचा व तुमचा तक्ता वेगळा करा. नाव दिसत असतानाही ते ‘हॅलो’ म्हणतात का, ते पाहा.

शेग्लॉफ यांच्या त्या एका अपवादाचाही प्रयोग करता येईल. मित्राचा फोन आला की उचला आणि काही बोलू नका. मनात सेकंद मोजा. किती सेकंदांनी तो स्वतः ‘हॅलो’ म्हणतो? निरनिराळ्या मित्रांवर करून पाहा आणि सरासरी काढा. मग लगेच काय चालले होते ते सांगून टाका. आजीवर मात्र हा प्रयोग करू नका. ती तीन सेकंदांतच शेजाऱ्यांना उठवील.